जाहिरात निघण्याआधी



अध्यक्षपदावरून विषयातल्या नव्या शोधांचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. परिषदेच्या या दोन दिवसांत ते काम माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने करणारी मंडळी इथे बोलणार आहेत. म्हणून मी आज वेगळा विषय घेतला आहे. एम.एस्सी. झालेल्या मुलीला संशोधनाची फेलोशिप कशी मिळते, आणि पीएच.डी. झालेल्या मुलाला पोस्टडॉकची जागा कशी मिळते? या प्रश्नाची चर्चा आपण परिषदेच्या जेवणाच्या रांगेत करतो, सत्रात कधीच करत नाही. माझ्या मते तो सत्रात यायला हवा, कारण जागा शोधणं हे संशोधनाच्या शिक्षणाचंच अंग आहे आणि ते शिकवायची जबाबदारी आपली, म्हणजे शिक्षकांची आहे.

प्रवेशाच्या परीक्षांबद्दल मी फार बोलणार नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची बेट, आयसीएमआरची जेआरएफ परीक्षा, गेट, टीआयएफआर आणि एनसीबीएससारख्या संस्थांसाठीची जेजीईईबिल्स, ही नावं विद्यार्थ्यांना पाठ आहेत. क्लासवाल्यांनी त्यांची तयारीही घरोघर पोहोचवली आहे. १ जानेवारी २०२३पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनंतर एसआरएफ झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं भत्ता. परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या घरात हा आकडा पहिल्यांदा पोहोचतो तेव्हा त्या घराला केवढा आधार मिळतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

अडचण सुरू होते ती त्यानंतर. जेआरएफचं पत्र हातात असतं, पण कुठल्या प्रयोगशाळेत जायचं, कुणाकडे, कुठल्या प्रश्नावर काम करायचं, याचा विचार झालेला नसतो. जिथे गाइडकडे जागा रिकामी आहे तिथे मूल जातं, मिळेल तो विषय घेतं आणि आयुष्याची पाच-सहा वर्षं त्यात घालतं. प्रबंध सादर झाला की तोच मुलगा पुन्हा जाहिराती चाळू लागतो. कुठे रिसर्च असोसिएटची जागा आहे का, कुठे प्रोजेक्टवर कुणी हवंय का. काहीच जमलं नाही तर सीएचबीवर, तासिकांच्या हिशोबाने शिकवायला लागतो. त्याची प्रयोगाची सवय सुटते. हा मार्ग त्याने निवडलेला नसतो. दुसरा मार्ग असतो हे त्याला वेळेवर कुणी सांगितलेलं नसतं.

डॉ. ओबैद सिद्दिकी यांचं उदाहरण मला इथे महत्त्वाचं वाटतं. ग्लासगोला ग्विदो पॉन्टेकॉर्व्हो यांच्याकडे जनुकशास्त्राचं शिक्षण घेऊन ते अमेरिकेत संशोधन करत होते. तिथे लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाशी त्यांचा संबंध आला, झिलार्ड यांनी होमी भाभांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि १९६२मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू झाला. भौतिकशास्त्राच्या आणि गणिताच्या संस्थेत, त्या पदाची जाहिरात कुठेही निघालेली नसताना. त्याच गटातून पुढे बंगळुरूचं एनसीबीएस उभं राहिलं. भारतातल्या आधुनिक जीवशास्त्राचा एक मोठा प्रवाह अशा प्रकारे एका माणसाने दुसऱ्या माणसाला लिहिण्यातून निघाला.

या गोष्टीचा मला आनंदही वाटतो आणि काळजीही वाटते. काळजी अशासाठी की सगळ्यांना झिलार्ड भेटत नाहीत. जगातल्या चांगल्या प्रयोगशाळांमधल्या जागा आजही बऱ्याच अंशी अशाच भरतात. अमेरिकेत तर बहुतेक पोस्टडॉकचा पगार प्रयोगशाळेच्या प्रमुखाला मिळालेल्या अनुदानातूनच निघतो. अनुदान मंजूर झालं की तो आपल्या ओळखीच्यांना विचारतो, आलेली पत्रं पुन्हा काढून पाहतो, आणि पुष्कळदा जाहिरात निघते तेव्हा मनात एक नाव ठरलेलं असतं. पुण्या-मुंबईच्या राष्ट्रीय संस्थांमधल्या विद्यार्थ्याला हे बाहेरून आलेल्या पाहुण्या वक्त्यासोबत जेवताना कळतं. नांदेडच्या किंवा रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला ते कळायला त्याचा शिक्षक हाच एक दुवा आहे. तो दुवा आपण होतो का, हा माझा आजचा प्रश्न आहे.

माझं सांगणं असं आहे की आधी प्रश्न ठरवावा, मग त्या प्रश्नावर काम करणारी माणसं शोधावीत, आणि पैसे कुठून येतील ते त्या माणसांसोबत बसून ठरवावं. आपली मुलं याच्या उलट्या दिशेने चालतात, कारण आपणच त्यांना उलटं शिकवलं आहे.

हे एका कल्पित उदाहरणाने सांगते. समजा, विदर्भातल्या एका विद्यार्थिनीने गुलाबी बोंडअळीवर पीएच.डी. केली आहे. बीटी कपाशीतल्या क्राय१एसी या प्रथिनाला ही अळी आधी दाद देईनाशी झाली, पुढे क्राय२एबीलाही. क्राय१एसी अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं; त्या कॅडहेरिनच्या जनुकात बदल झाला की चिकटायला नीट जागाच राहत नाही आणि अळी जगते. या मुलीने शेताशेतांतून किडकी बोंडं गोळा केली, अळ्या कृत्रिम खाद्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या, जैवचाचण्या केल्या, जनुकांचे क्रम वाचले. आता तिला परदेशातल्या प्रयोगशाळेला लिहायचं आहे.

आपल्याकडून सहसा जाणारं पत्र असं असतं: आदरणीय महोदय, मला आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची तीव्र इच्छा आहे, मी मेहनती आहे, मला पीसीआर, जेल, वेस्टर्न ब्लॉट येतं, सोबत सीव्ही जोडला आहे. हेच पत्र नाव बदलून शंभर जणांना जातं, आणि कधी कधी नाव बदलायचंही राहून जातं. ज्याला ते मिळतं त्याच्याकडे रोज अशी पत्रं येतात. तो ती वाचत नाही, आणि त्यात त्याला दोष देता येणार नाही.

तिचं दुसरं पत्र असं असू शकतं. तुमच्या अमुक पेपरमध्ये प्रयोगशाळेत निवडलेल्या अळ्यांमध्ये प्रतिकार एकाच प्रकारच्या बदलातून आलेला दिसतो. आमच्याकडे एकाच शेतातल्या अळ्यांमध्ये कॅडहेरिनच्या जनुकात वेगवेगळे बदल सापडतात. दोन्हीकडे निवडीचा दाब तोच असताना हा फरक का पडावा? मला वाटतं की शेतातल्या अळ्यांची मूळ विविधता आणि त्यांचं अल्प प्रमाणात होणारं स्थलांतर याला कारण असावं, आणि ते तपासण्यासाठी माझ्याकडे काही वर्षांचे जतन केलेले नमुने आहेत. अळीच्या वसाहती टिकवणं मला येतं. संपूर्ण जीनोमच्या माहितीचं विश्लेषण मला शिकायचं आहे, आणि ते तुमच्याकडे होतं. पुढच्या वर्षीच्या अमुक फेलोशिपसाठी आपण मिळून अर्ज करू शकू का? खाली, तिचं काम जवळून पाहिलेल्या तीन व्यक्तींची नावं. पत्र एका पानाच्या आत संपतं.

हे पत्र वाचणारा थांबतो. कारण त्यात त्याच्या कामाचा विचार आहे, त्याच्याकडे नसलेली सामग्री आहे, हातातलं कसब आहे, आणि शेवटी पैशांची वाटही सुचवलेली आहे. असं पत्र लिहायला आठ दिवस लागतात. लागू द्यावेत. शंभर पत्रांऐवजी सहा जावीत. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नम्रपणे एकदा आठवण करावी आणि पुढे जावं. आणि ज्या प्रयोगशाळेला लिहायचं, तिथून बाहेर पडलेले पोस्टडॉक आज कुठे आहेत, तिथे विद्यार्थी किती वर्षं टिकतात, हे आधी पाहावं, तिथल्या एक-दोघांशी बोलावं. स्थळ पाहताना आपण जेवढी चौकशी करतो, त्याच्या निम्मी जरी इथे केली तरी बऱ्याच मुलांचं आयुष्य वाचेल.

अशा पत्राची तयारी वाचनातून होते. बायोआर्काइव्हवर २०१३पासून जीवशास्त्राचे पेपर छापून येण्याआधीच सर्वांना मोफत वाचायला मिळतात. कुठली प्रयोगशाळा कुठल्या दिशेने वळते आहे, हे तिथे आधी कळतं. महागडी नियतकालिकं न परवडणाऱ्या महाविद्यालयासाठी ही फार मोठी सोय आहे. आपल्या विभागांमध्ये आठवड्याला एक तास अशा पेपरांवर बोलण्यासाठी राखून ठेवला, तर दोन वर्षांनी त्या वर्गातून कशी पत्रं जातील याची मला खात्री आहे.

आता पैशांच्या वाटा. सगळ्या सांगत बसत नाही. देशात राहून पोस्टडॉक करायचं असेल तर रिसर्च असोसिएटला महिना ५८,००० ते ६७,००० रुपये अशी श्रेणी आहे. जैवतंत्रज्ञान विभागाची आरए योजना बंगळुरूच्या आयआयएससीमार्फत चालते. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आधी एसईआरबी देत असे, ती आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आली आहे. प्रबंध सादर करून पदवीची वाट पाहणाऱ्यालाही तिथे अर्ज करता येतो, हे अनेकांना माहीत नसतं. स्वतंत्रपणे उभं राहण्यासाठी इन्स्पायर फॅकल्टी आहे, २००८पासून चालत आलेल्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिप आहेत.

परदेशी फेलोशिपचे नियम वाचले की देणाऱ्याला काय हवं आहे ते कळतं. ह्यूमन फ्रंटिअर सायन्स प्रोग्रॅमची तीन वर्षांची फेलोशिप हवी असेल तर देशही बदलावा लागतो आणि कामाची दिशाही. पीएच.डी.चंच काम पुढे ओढणाऱ्याला ती मिळत नाही. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला वर्षभर कधीही अर्ज करता येतो आणि तिथे देशवार कोटा नाही. जपानच्या जेएसपीएसमध्ये अर्ज तिथला यजमान संशोधक करतो, म्हणजे ओळख आधी व्हावीच लागते. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपची मुदत साधारणपणे सप्टेंबरात संपते. मार्चमध्ये यजमान शोधायला लागलात तर चांगला अर्ज होतो, ऑगस्टमध्ये नाही. अमेरिकेच्या एनआयएचची एफ३२ ही नावाजलेली फेलोशिप तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते, पण के९९ला भारतीय पोस्टडॉकही अर्ज करू शकतो. भारत २०१६पासून युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी कॉन्फरन्सचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे एम्बोच्या योजनांची दारं आपल्याला बरीच उघडी आहेत.

अमेरिकेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०२५मध्ये तिथली अनेक एनआयएच अनुदानं मध्येच रद्द झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. पोस्टडॉक सहसा जे-१ व्हिसावर जातात, म्हणून त्यांच्यावर या शुल्काचा थेट भार नाही. पण पुढच्या नोकरीचं गणित त्याने बदलतं. ज्या घरातल्या सगळ्यांनी अमेरिका हे एकच नाव ऐकलं आहे, त्या घरातल्या मुलांना हायडलबर्ग, ओसाका, सिंगापूर ही नावं आपण सांगायला हवीत.

वयाचा आणि वर्षांचा हिशोब मला फार अस्वस्थ करतो. एम्बोसाठी पीएच.डी. होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाहीत, हुम्बोल्टच्या पोस्टडॉकला चार, राष्ट्रीय फेलोशिपला वयाची अट पस्तीस, राखीव प्रवर्ग आणि महिलांना पाच वर्षांची सवलत. काही फेलोशिपचं घड्याळ पदवीपासून सुरू होतं, काहींचं जन्मतारखेपासून. प्रबंध सादर झाल्यावर परीक्षकाचा अहवाल यायला कित्येक महिने जातात, व्हायवाची तारीख ठरत नाही, प्रोव्हिजनल सर्टिफिकेटसाठी खेटे घालावे लागतात. त्या काळात मुलाची फेलोशिप संपलेली असते, वय मात्र वाढत असतं. या सभागृहातले कितीतरी जण परीक्षक आहेत. तुमच्या टेबलावर आज एखादा प्रबंध पडून असेल, तर घरी गेल्यावर तो आधी उघडा. यासाठी कुठल्याही समितीच्या मंजुरीची गरज नाही.

फेलोशिपचा हप्ता वेळेवर न येणं हेही असंच. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तींमुळे आजवर संशोधनापासून दूर राहिलेल्या समाजांतली मुलं-मुली प्रयोगशाळेत आली. हे महाराष्ट्राचं मोठं काम आहे. पण हप्ते थकतात, मुलं आंदोलनाला बसतात, आणि प्रयोग थांबतात. ज्याच्या घरी शेती तोट्यात आहे त्याने सहा महिने उधारीवर पेशी वाढवाव्यात, अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. या परिषदेने याबद्दल शासनाला ठामपणे लिहावं असं माझं मत आहे.

महिलांविषयी बोलताना कमला सोहोनी यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. वडील आणि काका दोघेही बंगळुरूच्या आयआयएससीत रसायनशास्त्र शिकलेले, स्वतः मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत अव्वल, तरी १९३३मध्ये त्यांनी तिथे अर्ज केला तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून तो नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून प्रवेश मिळाला, त्यांनी काम करून दाखवलं, आणि पुढे त्या संस्थेची दारं मुलींना उघडली. केंब्रिजला त्यांनी डेरेक रिश्टर यांच्या प्रयोगशाळेत सुरुवात केली, ते निघून गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या आणि वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सीवर काम केलं. १९३९मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. फेलोशिप, मार्गदर्शक बदलणं, विषयाची नवी दिशा, हे सगळं त्यांनी त्या काळात निभावलं.

आज प्रवेश कुणी स्त्री म्हणून नाकारत नाही. आज मुली गळतात त्या पीएच.डी. आणि पोस्टडॉकच्या मधल्या वर्षांत, लग्न आणि बाळंतपण याच काळात येतं म्हणून. त्यासाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीडीएफ योजना आहे; खंड पडलेल्या स्त्रियांनाही तिथे अर्ज करता येतो आणि तिची वयोमर्यादा साठ वर्षांपर्यंत आहे. आपल्या गावातल्या, घरी बसलेल्या आपल्याच माजी विद्यार्थिनींना हे फोन करून सांगितलं पाहिजे. त्यांच्यातल्या काहींना वाटतं की आता वेळ गेली. ती गेलेली नाही.

आता परतण्याबद्दल. हरगोविंद खुराना १९४५मध्ये भारत सरकारच्या फेलोशिपवर लिव्हरपूलला गेले, नंतर झुरिकला व्लादिमीर प्रेलोग यांच्याकडे काही काळ पदरचे पैसे खर्चून राहिले, भारतात परतले आणि त्यांना इथे नोकरी मिळाली नाही. ते पुन्हा केंब्रिजला गेले, तिथून कॅनडाला, आणि १९६८मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या गोष्टीचा आपण अभिमान म्हणून उल्लेख करतो. मला तिच्यात आपल्या देशाची हानी जास्त दिसते. आज रामलिंगस्वामी फेलोशिप परदेशातून येणाऱ्यांना पाच वर्षं काम करू देते. पण पाच वर्षांनंतर कायमची जागा कुठे आहे? राज्यातल्या विद्यापीठांतली पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत. जागाच भरायच्या नसतील, तर मी इथे पत्र लिहायला शिकवून काय उपयोग, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न योग्य आहे. पदं भरण्यासाठीचा लढा आणि विद्यार्थ्यांना वाट दाखवण्याचं काम, दोन्ही एकाच वेळी करावं लागेल. पहिलं कधी होईल हे आपल्या हातात नाही, म्हणून दुसरं थांबवता येणार नाही.

शिफारसपत्राबद्दल थोडं कडक बोलते, त्याबद्दल राग मानू नये. अनेक ठिकाणी गाइड विद्यार्थ्याला सांगतो, तूच लिहून आण, मी सही करतो. असं पत्र निवड समितीला लगेच ओळखू येतं: त्यात विशेषणं असतात आणि एकही प्रसंग नसतो. हुशार, प्रामाणिक, कष्टाळू, एवढ्याने काही ठरत नाही. तिने कुठला प्रयोग फसल्यावर काय केलं, कुठल्या निष्कर्षावर तिने तुमच्याशी वाद घातला आणि ती बरोबर निघाली, दुसऱ्याच्या कामात ती कशी उभी राहिली, हे लिहायला हवं. ते गाइडशिवाय दुसऱ्या कुणालाही लिहिता येत नाही. आणि ते मुदतीच्या आधी पोहोचायला हवं. एका शिक्षकाने वेळेत पत्र टाकलं नाही म्हणून उत्तम अर्ज बाद होतो.

पदवीच्या मुलांसाठी तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे. दोन महिने एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत राहता येतं, आणि तिथल्या ओळखीतून पुढची वाट निघते. ही योजना शिक्षकांनाही खुली आहे. माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, तुम्ही स्वतः जा. तुम्ही आघारकर संस्थेत, एनसीसीएसमध्ये किंवा दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एक उन्हाळा घालवलात, तर तुमच्या पुढच्या दहा तुकड्यांना विचारायला एक माणूस मिळेल.

शेवटी परिषदेपुढे एक काम ठेवते. आपल्यापैकी प्रत्येकाचे पाच-सहा विद्यार्थी आज कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक आहेत, कुणी बंगळुरूला, कुणी म्युनिकला, कुणी बॉस्टनला. ते मराठीत बोलतात आणि विचारलं तर आनंदाने मदत करतात. त्यांची नावं, विषय, आणि वर्षातून दोनदा मुलाखतीची तालीम घ्यायची त्यांची तयारी, अशी एक वही आपण तयार करू. दुपारच्या सत्रानंतर नोंदणीच्या टेबलावर ती वही ठेवलेली असेल. माझ्या विद्यार्थ्यांची नावं मी सकाळीच त्यात लिहिली आहेत. तुमची लिहिल्याशिवाय कृपया आज परत जाऊ नका.